डांबराच्या दिवशीची मोजणी

११ जानेवारी

पोरा,

नऊ वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. काम आहे म्हणून लिहिते. काम नसतं तर लिहिलं नसतं आणि तुलाही तेच बरं वाटलं असतं. अक्षर माझंच आहे. चादरींच्या कोपऱ्यांवर शाईने खुणा घालता घालता शिकलेलं, म्हणून मोठं येतं आणि कागद पुरत नाही. पाठीमागेही लिहिलंय, उलटून बघ.

परवा आपल्या धुण्याच्या भट्टीच्या भिंतीवर कोणीतरी कागद चिकटवून गेलं. मी वाचला आणि सगळ्यांना वाचून दाखवला. तुझ्याच रेल्वेचा कागद. म्हणे शहरात फिरणाऱ्या गाड्या रात्री उभ्या करायला आणि धुवायला यार्ड पाहिजे. त्यासाठी दोन जागा बघितल्या. एक तुमच्या रेल्वे कॉलनीच्या मागची गवताची पट्टी, जिथे साहेबलोक सकाळी पोट कमी करायला चालतात. दुसरं आपलं वाळवणाचं मैदान. मोजणी झाली आणि मैदान पसंत पडलं. का, तर म्हणे "रिकामी, वापरात नसलेली जमीन".

रिकामी! तीन इस्पितळांच्या चादरी, पाच हॉटेलांचे टेबलक्लॉथ, चाळीस बायकांचे हात, आणि जमीन रिकामी. मग आम्ही इतकी वर्षं काय आभाळाला कपडे टांगत होतो?

ढोलकीच्या डोक्यात प्रकाश पडला. ढोलकी म्हणजे आपली शेजारीण, विसरला नसशील. तिने कुजबुज केली तरी स्टेशनात ऐकू जाते. ती म्हणाली, "अगं, गेल्या महिन्यात तीन पायांची दुर्बीण घेऊन माणसं आली होती बघ. आपला डांबराचा दिवस होता तो!"

डांबराचा दिवस तुला सांगायला नको, तरी लिहून ठेवते, तुझ्या ऑफिसात दाखवायला उपयोगी पडेल. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी आम्ही कपडे धुवत नाही. सगळ्या दोऱ्या उतरवायच्या आणि पुन्हा पीळ भरायचा, कारण आमच्याकडे चिमटे नाहीत, कपड्याचं टोक पिळात अडकवतात. पीळ सैल पडला की इस्पितळाची चादर चिखलात. त्याच दिवशी बांबूही उपटायचे आणि त्यांच्या बुडांना डांबर लावायचं, नाहीतर ओलीने कुजतात. हे सगळं शेडच्या मागे, भट्टीपाशी. म्हणजे त्या एका दिवशी मैदान टकलासारखं लख्ख. एक शेळी असते चरायला. त्यांच्या फोटोत ती शेळी आलीय म्हणे. आम्ही नाही, शेळी आली.

महिन्यातले एकोणतीस दिवस सोडून त्यांना नेमका तोच कसा सापडला?

तू त्याच ऑफिसात मोजणीदार आहेस. कोणी मोजलं त्याचं नाव मला काढून दे. बाकी काही करू नकोस, तुझ्या नोकरीला धक्का लागेल असं काही मागत नाही. फक्त नाव. मग त्याचं काय करायचं ते मी बघते. त्याच्या सात पिढ्यांना ओल्या कपड्यात झोपवीन. ज्या आईने त्याला जन्म दिला तिला जाऊन विचारीन, बाई, बाळंतपणात तुझं लक्ष कुठे होतं?

टेबलक्लॉथचं अजून मनात धरून बसला असशील तर ते बाजूला ठेव. ते वेगळं, हे वेगळं.

सुनावणी सात मार्चला आहे. नाव त्याआधी कळव.

आई


२ फेब्रुवारी

साहेब,

आपलं पत्र पोचलं. "आपले पत्र मिळाले. सदर विषय कार्यालयीन असल्याने त्यावर भाष्य करणे उचित होणार नाही. कळावे." मशीनवर छापलेलं, खाली सही नाही. मी ते तीनदा वाचलं. आईला "आपण" लिहिणारा लेक पोटी आला, एवढं भाग्य कोणाच्या नशिबी असतं? ढोलकीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "अगं, वीज कापायची नोटीस आहे का ती?"

तर साहेब, मलाही आता आपल्याला काही कळवायचं आहे.

आम्ही एक वकीलबाई गाठली. तिच्या काळ्या कोटाचा रंग अकरा वर्षं मी टिकवलाय, त्यामुळे ती फुकट उभी राहिली. तिने अर्ज करून मोजणीचा अहवाल मागवला. बावीस पानं. ती वाचत होती, मी ऐकत होते. अर्धं मला कळत नव्हतं, लांबी, रुंदी, चढ, उतार. खाली सही म्हणजे नुसतं कोंबडीने पाय ओढल्यासारखं, त्यावरून कोण ते तिलाही कळेना. नवव्या पानावर ती वाचायला लागली, "पश्चिमेकडील कोपरा, स्थानिक नाव रुसकी. वरून कोरडा दिसतो, परंतु दीड मीटर खाली जमीन भुसभुशीत. रूळ टाकण्यापूर्वी भराव आवश्यक."

मी म्हटलं, "बाई, पुन्हा वाचा." तिने पुन्हा वाचलं.

रुसकी. त्या कोपऱ्याला रुसकी म्हणतात हे कोणाला ठाऊक आहे? पाटी नाही, नकाशा नाही, शेजारच्या रस्त्यावरच्या माणसालाही माहीत नाही. माझ्या सासूने ते नाव ठेवलं, कारण तिथे बांबू रोवला की सकाळी रुसल्यासारखा मान टाकतो. भट्टीचं साबणाचं पाणी पन्नास वर्षं त्या कोपऱ्यात मुरतंय. हे नाव फक्त आम्ही चाळीसजणी घेतो, आणि आमची पोरं, जी त्या चिखलात खेळून मोठी झाली. तुझी एक चप्पल अजून आहे तिथे खाली. दीड मीटरवर असेल. मोजून घे.

बाकी पोरांपैकी मोजणीदार कोण झाला? एकच.

मी वकीलबाईला काही बोलले नाही. म्हटलं, पाणी द्या जरा. तिला वाटलं चक्कर आली. मला चक्कर येत नाही. तुझं डोकं कसं चाललं असेल ते मी बघत होते. तुला दिवस माहीत होता, माणसं घेऊन तू त्या दिवशी आलास, आम्ही शेडमागे हात काळे करून बसलो होतो तेव्हा तू पलीकडे उभा राहून दुर्बिणीत बघत होतास, आणि शेळीचा फोटो काढलास. सगळं बेमालूम जमलं होतं. पण काम तू चोख करतोस, ती खोड माझ्याकडून आलीय. भुसभुशीत जमीन दिसली की लिहिल्याशिवाय राहवलं नाही. खोटं पचलं होतं रे तुला. खरं लिहिलंस तिथे सापडलास.

आणि कशासाठी? त्या गवताच्या पट्टीसाठी. तुझ्या फ्लॅटच्या मागच्या खिडक्या तिकडेच उघडतात, मी बघितल्यात, एकदा आले होते ना. तुझ्या खिडकीतून गवत दिसावं म्हणून चाळीस बायकांच्या पोटावर रूळ.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं सासू म्हणायची. मला वाटायचं म्हातारी उगाच बडबडते.

मागच्या पत्रात मी त्या मोजणीदाराच्या आईला काही प्रश्न विचारणार होते. विचारले. ती म्हणते, लक्ष धुण्यात होतं.


१९ फेब्रुवारी

मोजणीदारास,

हे पत्र आज लिहितेय पण आज टाकणार नाही. सुनावणीला जाताना वाटेवरच्या पेटीत टाकीन, म्हणजे तुझ्या हातात पडेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल. वकीलबाईने सांगितलंय, समोरच्याला सावध करायचं नाही. ढोलकीचं म्हणणं, मी लिहूच नये, कारण लिहिता लिहिता दया येते. मी एक पान लिहिलं, अजून तरी आलेली नाही.

मी शेवटी वकीलबाईला सांगितलं की तो मोजणीदार माझा लेक आहे. ती खुर्चीवरून उठलीच. म्हणाली, "आजी, हे आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "अभिमानाने सांगण्यासारखं होतं का?"

मग तिने नियम समजावला. जिथे मोजणीदाराचं जवळच्या नात्यातलं माणूस राहतं किंवा कमावतं, ती जागा त्याने मोजायची नाही. मोजायच्या आधी तसं लिहून द्यावं लागतं. खोटं लिहिलं तर मोजणी रद्द, आणि माणूस घरी. तिने पुन्हा अर्ज केला, तू लिहून दिलेला कागद मागवला. काल तो आला.

वाचताना ती अडखळली. म्हणाली, "मी तुम्हाला नंतर वाचून दाखवते." मी म्हटलं, "माझे डोळे शाबूत आहेत, इकडे द्या."

वडील, मयत. बरोबर आहे.

आई, मयत.

तुझं अक्षर बापासारखं देखणं आहे. मयत हा शब्दही किती छान काढलायस, शेवटचा त जरा लांबवून.

मी कागद खाली ठेवला आणि हसले. खरंच हसू आलं. मला इतकी वर्षं वाटायचं तुला माझी लाज वाटते. लाज वाटणं मी समजू शकते. माझ्या हातांना कायम साबणाचा वास, बोटांची कातडी उकडलेल्यासारखी, तोंडाला लगाम नाही. पण तुला नुसती लाज नाही, तुला सोय हवी होती. जिवंत आई नियमात बसत नव्हती, म्हणून मारलीस. तीन अक्षरं. मला मारायला तुला एक ओळसुद्धा लागली नाही.

आता टेबलक्लॉथचं बोलून टाकते, कारण ते तुझ्या बाजूने आहे आणि नंतर मी ते बोलणार नाही. चूक माझी होती. तू नव्या घरात सगळ्यांना जेवायला बोलावलंस, मला पण बोलावलंस, माझ्यासाठी खुर्ची ठेवलीस. तुझ्या मोठ्या साहेबांची बायको माझ्याशी गोड बोलत होती. विचारलंन, तुम्ही काय करता. मी सांगितलं. इतक्यावर थांबायचं, तर नाही. मी म्हटलं, "तुमच्या बंगल्यावरचे टेबलक्लॉथही आमच्याकडेच येतात की! दर शनिवारी लाल डाग, आणि मधोमध फेकून मारल्यासारखे. भांडता वाटतं जेवताना?" तुझ्या साहेबांच्या हातातला चमचा तसाच राहिला. डाग बघून घरातलं कळतं, ते आमच्या धंद्यात सगळ्यांनाच कळतं, पण ते पोटात ठेवायचं असतं. नव्या पोरींना मी हेच शिकवते आणि स्वतः तोंड उघडलं. तुझी बढती त्या वर्षी राहिली, हे मला नंतर समजलं.

तर तुझा राग खोटा नव्हता. माझ्या तोंडावर बोलला असतास, शिव्या दिल्या असत्यास, तर मी ऐकून घेतलं असतं, निदान अर्धं तरी. पण तू माझ्यावरचा राग ढोलकीच्या दोऱ्यांवर काढलास. त्या बिचारीने तुझं काय घोडं मारलं होतं? आणि बाकीच्या अडतीसजणींनी?

पाहिलंस, इतकं लिहूनही दया आली नाही.

हे तुला उशिरा कळेल, तरी लिहिते, सातला येताना चांगला शर्ट घाल. तुझी मेलेली आई येणार आहे.


७ मार्च

अरे,

संध्याकाळ झालीय, पाय भट्टीजवळ शेकत बसलेय आणि लिहितेय. सकाळचं पत्र अजून पेटीत असेल. तू होतास तिथे, तरी मी काय बघितलं ते तुला कळायला पाहिजे, कारण तू सगळा वेळ टेबलाकडे बघत होतास.

शाळेचा हॉल, लहान पोरांची बाकं. आम्ही चाळीसजणी त्यात कोंबलेल्या, ढोलकी तर अडकलीच, उठताना बाक तिच्याबरोबर उठलं. व्यासपीठावर मोठे साहेब, त्यांच्या डाव्या हाताला तू, समोर नकाशा. तुझ्या कॉलरची इस्त्री उलट्या बाजूने झालेली. बाहेर देतोस वाटतं कपडे. कोण करतं ते सांग, त्याला दोन शब्द सुनवायचे आहेत.

पहिले दोघंतिघं बोलले, धूर, आवाज, वगैरे. साहेब लिहून घेत होते, म्हणजे पेन हलवत होते. मग माझं नाव पुकारलं. मी उठले आणि म्हटलं, "साहेब, मला भाषण येत नाही. मला तुमच्या मोजणीदाराला एकच गोष्ट विचारायचीय."

साहेब म्हणाले, "विचारा आजी."

"नवव्या पानावर रुसकी लिहिलंय. हे नाव तुम्हाला कोणी सांगितलं?"

तू म्हणालास, "स्थानिकांनी." मान वर न करता. आवाज मात्र साफ, घसा खाकरून काढलेला.

"कोणत्या स्थानिकांनी? त्या मैदानाचे स्थानिक म्हणजे आम्ही, आणि आम्ही सगळ्या इथे आहोत. बायांनो, कोणी सांगितलं गं ह्यांना?"

ढोलकी म्हणाली, "मी नाही." तिच्या शेजारची म्हणाली, "मी नाही." मग तिची शेजारची. हे मी शिकवलेलं नव्हतं, देवाशपथ. आपोआप चालू झालं. एकेक बाई उठून मी नाही म्हणत होती, मागच्या रांगेपर्यंत. एक म्हातारी ऐकू येत नाही म्हणून दोनदा म्हणाली. तिसाव्या बाईला साहेबांनी हात वर केला, पण कोणी थांबेना. शेवटची बसली तेव्हा कुठे त्यांनी हात खाली घेतला.

वकीलबाईने तुझा कागद पुढे केला. मग तुझा शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर आईचं नाव आणि माझी सही, मी काढलेली पहिली सही, एका ओळीत न मावलेली. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तुला विचारलं, "या बाई कोण?"

तू म्हणालास, "ओळख नाही."

तेव्हा ढोलकी बाकासकट उठली. "ओळख नाही? अरे मेल्या, तुझ्या आईला ताप होता तेव्हा पंधरा दिवस माझ्या अंगावर पाजलाय तुला! माझी तरी ओळख आहे का?"

हसले सगळे. साहेबसुद्धा. तू नाही हसलास. तुझे कान लाल झाले. लहानपणी चोरी पकडली की व्हायचे तसे, आधी डावा, मग उजवा. मी वाट बघत होते. डावा झाला आणि मला कळलं, आता उजवा होणार आणि मग हा बोलणार.

"आई आहे," असं तू म्हणालास. माझ्याकडे बघून नाही. नकाशाला सांगितलंस.

साहेब म्हणाले, "हयात दिसतायत." आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मोजणी रद्द. नवी मोजणी दुसऱ्या माणसाकडून, आधी कळवून, कामाच्या दिवशी.

मला मजा आली. खोटं कशाला सांगू. लोक म्हणतात पोटचा गोळा, आईचं काळीज. बाहेर येताना दोन बायका माझ्याकडे अशा बघत होत्या की मी आता रडते की मग रडते. मी त्यांना म्हटलं, उद्याच्या चादरी भिजत घातल्या का? नव्हत्या घातल्या. मग तिथेच दोन शिव्या घातल्या, तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं.

घरी येऊन पोटभर जेवले. भात जरा करपला होता, तो माझ्या हातून करपत नाही कधी. लक्ष नव्हतं.

आपलेच दात, आपलेच ओठ, असं तू म्हणशील. असतील. पण आधी चावलं कोणी?


२६ एप्रिल

तुला घरी बसवल्याचं ऐकलं. चौकशी चालू आहे म्हणे. चालू दे.

नवा मोजणीदार आला होता, एका मंगळवारी. सगळ्या दोऱ्या भरलेल्या. त्याच्या दुर्बिणीपुढे दर वेळी एक ओली चादर येत होती. तो वाकून पलीकडे जायचा, तिथे दुसरी. दुपारपर्यंत भिजून चिंब झाला. गरीब माणूस होता, आम्ही त्याचा शर्ट वाळवून दिला. त्याने लिहिलं, पूर्ण वापरात. आता यार्ड कॉलनीच्या मागच्या पट्टीत. हे तुला माझ्याआधी कळलं असेल, कारण तुमच्या गेटवर केवढे फलक लागलेत. "यार्ड हटवा, मुलांची झोप वाचवा." रंगीत छापून. आमच्याकडे खडू होता.

काल तुझी बायको आली होती. तुला सांगितलं असेल तिने, पण अर्धं सांगितलं असेल, म्हणून बाकीचं मी लिहिते.

मी हॉटेलचा लांब टेबलक्लॉथ एकटीच घडी करत होते. लांबरुंद कपड्याला दोन माणसं लागतात. ती येऊन उभी राहिली, बरोबर तुझी पोर. पोरीला मी पहिल्यांदा पाहिलं. आठेक वर्षांची, नाकात बोलते. मी सूनबाईला म्हटलं, "आलीयस तर ती दोन टोकं धर." तिने पर्स खाली ठेवली आणि धरली.

"आई," ती म्हणाली. नऊ वर्षांत हा शब्द तिच्याकडून पहिल्यांदा.

"सही हवीय वाटतं," मी म्हटलं. "ओढ. अजून. असं ढिलं धरलंस तर पोट येतं मध्ये."

तिने ओढलं. हात बरे आहेत तिचे. पहिली घडी घातली, आम्ही जवळ आलो. ती म्हणाली, "आमच्या हरकतीला तुमच्या चाळीस सह्या मिळाल्या तर वजन पडेल. ज्यांनी स्वतः लढा दिला तेच आमच्याबरोबर आहेत, असं दिसेल."

"टोकं जुळव."

लांब गेलो, पुन्हा ओढलं. ती तिकडून बोलली, जरा मोठ्याने, "रात्रभर गाड्या उभ्या राहणार, धुणार, दिवे लावणार. हिची खोली मागच्या बाजूला आहे."

"आमच्यावर त्या गाड्या उभ्या करायचं ठरलं तेव्हा हिची खोली कोणत्या बाजूला होती?"

पुन्हा जवळ आलो. तिने मान खाली घातली. "मला माहीत नव्हतं हो."

"काय माहीत नव्हतं? मी, की मैदान?"

"तुम्ही माहीत होता. तुम्ही गेलात असं ह्यांनी लिहून दिलंय, ते नव्हतं माहीत."

माझा तिच्यावर विश्वास बसला. ती वाईट नाही. तुझ्यापेक्षा तर बरीच बरी आहे, तुला कशी मिळाली कोण जाणे. पोर तोपर्यंत ढोलकीच्या टाकीत हात घालून बसली होती, कोपरापर्यंत निळीत. ढोलकी तिला सांगत होती, घासू नकोस, आता आठ दिवस राहते ती.

तिसरी घडी झाली. टेबलक्लॉथ आता दोघींच्या हातात मावेल एवढा झाला. तिने पर्समधून कागद काढला. वर बऱ्याच सह्या होत्या, साहेबांच्या बायकोचीही, ती लाल डागवाली. खाली जागा सोडली होती. मी हात पुसले. पेन तिने पुढे केलं, आणि मी ते घेतलंही. का घेतलं, विचारू नकोस, तुला सांगणार नाही.

तेव्हा ती म्हणाली, "मी निघाले तर हे खुर्चीतून उठले सुद्धा नाहीत. दीड महिना तसेच बसून असतात. म्हणाले, जाऊ नकोस, उगाच चालशील. आई सही करणार नाही."

मी विचारलं, "असं म्हणाला? खात्रीने म्हणाला?"

"खात्रीने म्हणाले."

मी पेन तिला परत दिलं. कागदही परत दिला. तिने पोरीचा निळा हात धरला आणि ती गेली. जाताना पोर मागे वळून बघत होती, ढोलकीकडे, माझ्याकडे नाही.

तू म्हणशील, म्हातारीने शेवटपर्यंत सूड सोडला नाही. नाहीच सोडला. एक क्षण असंही मनात आलं होतं की तुला खोटं पाडायला म्हणून तरी सही ठोकून द्यावी. मग म्हटलं, नको. नोकरी गेल्यात जमा, चारचौघांत मान गेली. माणसाची एक तरी मोजणी बरोबर यायला पाहिजे.